चर्चेचा तास काढून घेऊ नका : कुलगुरू आणि विद्या परिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात विद्यापीठाचं एक परिपत्रक आमच्या महाविद्यालयात आलं. दीड पानाचं. खुल्या ऐच्छिक विषयांचे जे तास ऑनलाइन होतात, त्यांतला आठवड्याचा चर्चेचा तास पुढच्या सत्रापासून बंद. त्याजागी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि दर आठवड्याला दहा वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी. हजेरी लॉग-इनच्या मिनिटांवर. एका तुकडीत ३० ऐवजी २४० विद्यार्थी. आणि या सगळ्याचं कारण एका ओळीत : चर्चेच्या तासांना विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अत्यल्प आहे.

ही ओळ मी तीनदा वाचली. परिपत्रकं आम्ही सहसा वाचतो, सही करतो आणि फाइलला लावतो. हे लावता आलं नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, त्यामुळे या पत्राखाली नाव घातलेलं नाही. भित्री म्हणा, हरकत नाही. ‘स्थानिक स्वशासन’ हा ऐच्छिक विषय मी ऑनलाइन शिकवते, कारण नव्या शैक्षणिक धोरणात मुलांना विषय निवडायचा हक्क मिळाला, पण छोट्या महाविद्यालयांकडे तेवढे शिक्षक नाहीत. म्हणून चार महाविद्यालयांची मुलं संध्याकाळी एका पडद्यावर जमतात. सोय चांगली आहे, माझा तिला विरोध नाही. फोन हातात धरून, मान वाकडी करून बसलेली ही मुलं गप्प का असतात, ते मी पाच-सहा वर्षं जवळून पाहिलंय. त्यांना बोलायचं नसतं, हे मात्र मला एकदाही दिसलं नाही.

प्रतिसाद अत्यल्प होता, हे मी मान्य करते. २०२० मध्ये टाळेबंदीत पहिल्यांदा ऑनलाइन तास घेतला तेव्हा समोर फक्त नावांची आद्याक्षरं होती. ‘आवाज येतोय का?’ असं मी दर पाच मिनिटांनी विचारायचे. कोणीतरी एकजण ‘हो मॅडम’ टाइप करायचा आणि तेवढ्यावर माझी गाडी पुढे जायची. एकदा तास संपवून सगळ्यांना ‘या आता’ म्हटलं, तरी सात नावं पडद्यावर तशीच राहिली. फोन चालू ठेवून पोरं कुठंतरी निघून गेली होती. परिपत्रकातल्या नव्या पद्धतीनं मोजलं तर त्या दिवशी त्या सातजणांची हजेरी वर्गात सगळ्यांत जास्त भरली असती.

नंतर एका मुलीनं बिचकत सांगितलं, ‘मॅडम, तुम्ही विचारता आन् तुम्हीच उत्तर देता.’ राग आला. रात्री रेकॉर्डिंग लावून, घड्याळ समोर ठेवून ऐकलं. खरंच होतं. प्रश्न विचारल्यावर मी जेमतेम दोन सेकंद थांबत होते.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. ती मोजणी समोरासमोरच्या वर्गातली. पडद्यावरच्या मुलीला आधी माइकचं बटण शोधायचं असतं. मग आवाज जायला वेळ लागतो. मागे टीव्ही चालू असतो, आजी हाका मारत असते. आणि त्याच्याही आधी मनात ठरवायचं असतं की ‘व्हतं’ म्हणू की ‘होतं’ म्हणू. तिला तीन सेकंद कसे पुरतील? त्या दिवसापासून मी प्रश्न विचारला की तांब्यातून पेल्यात पाणी ओतते आणि ते संपेपर्यंत तोंड उघडत नाही. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर आली. मग एक आवाज आला, मग दुसरा.

हे किरकोळ वाटेल, पण चर्चेचा तास अशाच किरकोळ गोष्टींवर उभा असतो आणि त्या शिकाव्या लागतात. प्रश्न कसा विचारावा, हे सुद्धा. ‘ग्रामसभेचे महत्त्व सांगा’ असं विचारलं की गाइडातला परिच्छेद येतो, हल्ली चॅटजीपीटीचा येतो. ‘तुमच्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली? तिथं कोण बोललं आणि कोण गप्प बसलं?’ असं विचारलं की कुठूनच उतरवता येत नाही. घरी विचारावं लागतं, शेजारी विचारावं लागतं. एकानं थेट ग्रामसेवकाला विचारलं आणि वर ‘तुला कशाला पायजे?’ हेही ऐकून घेतलं. तेही त्यानं वर्गात सांगितलं आणि त्या दिवशी माहितीच्या अधिकारावर मला वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

पद्धत साधी आहे. प्रश्न दोन दिवस आधी जातो. तासाला आधी सगळ्यांनी उत्तर टाइप करायचं, पण मी ‘टाका’ म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. त्यामुळे पहिल्या हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीचे ‘सहमत’ लिहून मोकळे होत नाहीत. मग पाच-पाचजणांचे गट, प्रत्येकाला काम ठरलेलं : एकजण विचारणारा, एकजण टिपून घेणारा, एकजण मुद्दाम आडवं लावणारा. आडवं लावायचं काम मिळावं म्हणून मुलींमध्ये भांडणं होतात. गटातून परत आल्यावर टिपणाऱ्यानं दोन मिनिटांत मांडायचं आणि मी शेवटी काय ठरलं, काय राहिलं ते लिहून टाकायचं. ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांनी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. तो पुढच्या तासाला मी सगळ्यांना ऐकवते.

आता तुम्हाला ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

माझ्या वर्गातली चार-पाच मुलं दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पडद्यावरून दिसेनाशी होतात. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळी नेणाऱ्या मुकादमाला शब्द दिलेला असतो. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात. अशाच एका मुलाचा आवाज रात्री अकराला आला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्या गावची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आस्ती. तवा निम्मं गाव कारखान्यावर आस्तं. मंग ठराव करतंय कोण?’

एवढंच. अठरा सेकंदांचा निरोप होता.

मी एम.ए. केलं, नेट झाले, पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली हे इतक्या वेळा शिकवलं की झोपेतही सांगेन. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, अनुच्छेद २४३-अ. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा, त्या सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. त्याआधी महिलांची वेगळी सभा. हे सगळं माझ्या नोट्समध्ये होतं. त्या तारखा कॅलेंडरवर मांडून शेजारी ऊसतोडीचा हंगाम ठेवून बघावा, हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तर याच भागात वाढलेली.

पुढच्या तासाला तो आवाज मी वर्गाला ऐकवला आणि तांब्या उचलला. या वेळी पेला भरायच्या आत बोलणं सुरू झालं. एक मुलगी म्हणाली, मग जानेवारीतल्या महिला सभेला तर घरी राहिलेल्या म्हाताऱ्याच जात असतील, आणि त्यांना कोण विचारतंय. आडवं लावणारा म्हणाला, तीन सभा सापडतात ना, एक चुकली तर काय बिघडलं? त्यावर एकीनं आणखी शोधून आणलं : ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करायची ‘सबकी योजना, सबका विकास’ ही मोहीम केंद्रानं २०१८ मध्ये सुरू केली, तेव्हा तिचा काळ होता २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर. म्हणजे गावानं पुढच्या वर्षाचं काय करायचं हे ठरवायची वेळ आणि कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गाव सोडतात ती वेळ, एकच. मी त्या तासात फार तर सहा वाक्यं बोलले असेन. नियोजित वेळेपेक्षा पस्तीस मिनिटं तास लांबला आणि कोणी उठलं नाही.

हे तुमच्या दहा वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चाचणीत कुठं बसवू? ‘ग्रामसभा वर्षातून किमान किती वेळा होते? (अ) दोन (ब) तीन (क) चार (ड) सहा.’ त्या मुलाला याचं उत्तर येत होतं. चाचणीत त्याला गुणही मिळाले असते. आणि कोपीतून लॉग-इनची मिनिटं भरली नाहीत म्हणून तो गैरहजरही लागला असता.

तर आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

प्रतिसाद मोजला कसा, हे परिपत्रकात नाही. आमच्या विभागाला तर कोणी विचारलेलं नाही. कॅमेरे बंद असतात म्हणून प्रतिसाद नाही, असा अर्थ काढला असेल तर कॅमेऱ्याला डेटा लागतो एवढं लक्षात घ्यावं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या फक्त पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. आज स्वस्त फोनमुळे आकडा बराच वर गेला असेल, पण एका घरात एक फोन आणि तीन शिकणारी मुलं, हे मी आजही बघते. शिवाय एका खोलीच्या घरातला कॅमेरा सुरू केला की मागे काय दिसतं, याची लाज मुलीला वाटते. त्या लाजेला तुम्ही ‘अनास्था’ म्हणू नका.

दुसरं असं की, चर्चेचा तास वेळापत्रकात घातला, पण चर्चा घडवायची कशी हे कोणालाच शिकवलं नाही. एका खासगी कंपनीच्या माणसानं दीड तास कुठलं बटण कुठं आहे ते दाखवलं, तेवढंच प्रशिक्षण. मग बऱ्याच ठिकाणी चर्चा म्हणजे ‘कोणाला काही शंका?’ असं विचारून शेवटची पाच मिनिटं संपवणं. त्याला प्रतिसाद कसा येणार? पोहायला न शिकवता ढकलायचं आणि बुडाल्यावर विहीर बुजवायची, असला हा प्रकार.

इथं माझंही एक अपयश सांगायला हवं. सरपंचपदाच्या आरक्षणावरच्या एका चर्चेत दोन मुलं एकमेकांच्या जातीवर घसरली. मी घाबरून सगळ्यांचे माइक बंद केले आणि विषय बदलला. त्या दोघांतला एक नंतर सत्रभर बोलला नाही. आज मी ते वेगळं हाताळीन : आधी बोलण्याचे नियम मुलांकडूनच ठरवून घेईन आणि तापलेल्या मुद्द्यावर आधी लिहायला लावीन. पण हे मला ठेच लागून कळलं. कोणी आधी सांगितलं असतं तर त्या मुलाचं सत्र वाचलं असतं. रँडी गॅरिसन आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी २००० साली ऑनलाइन शिक्षणाविषयी जी मांडणी केली, तिच्यात ‘शिक्षकाची उपस्थिती’ हा वेगळा भाग आहे : आखणी करणं, बोलणं चालतं ठेवणं, गरज पडेल तिथं थेट शिकवणं. म्हणजे चर्चेला शिक्षक लागतो, आणि व्याख्यानापेक्षा जास्त लागतो. व्याख्यान एकदा रेकॉर्ड केलं की मी मेले तरी चालू राहील.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो, पण बोलते. तासिका तत्त्वावर आम्हाला तासिकेचे पैसे मिळतात. मुलांचे रात्रीचे आवाज ऐकणं, तीसजणांचं लिखाण वाचून उत्तर देणं, पुढचा प्रश्न घडवणं, हे कोणत्याच तासिकेत मोडत नाही. गेल्या सत्रात मी एका आठवड्याची नोंद ठेवली : एका चर्चेच्या तासामागे घरी साडेतीन तास गेले. आम्ही ते करत आलो. पण तुकडी २४० ची केलीत तर ते करणं माणसाच्या आवाक्यातलं राहत नाही. खरं तर तुकडी २४० ची करायची आहे म्हणूनच चर्चा अडचणीची झाली आहे आणि ‘प्रतिसाद अत्यल्प’ हे नंतर शोधलेलं कारण आहे, असा माझा संशय आहे. चूक असेन तर आकडेवारी दाखवा, मी जाहीरपणे मागे घेईन.

आणि नियमांचंच म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ च्या मसुद्यात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवायची कल्पना मांडली. आपण ती उचलली. केंद्राच्या ‘स्वयम्’ व्यासपीठाची रचना चार भागांची आहे : व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंका-चर्चेचं व्यासपीठ. आपलं परिपत्रक यातले तीन भाग ठेवतं आणि चौथा काढतं. तीन पायांची खाट करता येत नाही असं नाही, पण तिच्यावर झोपणारा आपण नसतो.

कोणी म्हणेल, एवढ्या ग्रामीण मुलांना हे परदेशी चोचले कशाला. त्यांना मी गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण देते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हेही अभ्यासक्रमात आहे. पण ते गाव तिथवर पोचलं त्यात अभ्यासगटांचा मोठा वाटा होता, हे आपण मुलांना फारसं सांगत नाही. गावकरी एखादा विषय घेऊन बसत, बाहेरच्या जाणकाराला बोलावत, उलटसुलट प्रश्न विचारत. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. मार्गदर्शित चर्चा म्हणजे आणखी वेगळं काय असतं? जंगलातल्या त्या गावानं ती आपलीशी केली आणि आपण विद्यापीठ असून ती वेळापत्रकातून खोडतोय.

आमच्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकातलं चर्चेचा तास बंद करणारं कलम स्थगित करावं आणि विषय विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत चर्चेला ठेवावा. त्या बैठकीला हा तास प्रत्यक्ष घेणारे दोन शिक्षक आणि दोन विद्यार्थी बोलवावेत, त्यातला एक तरी फोनवरून शिकणारा असावा.

चर्चेची तुकडी ३० च्या वर नेऊ नये. व्याख्यान २४० जणांना एकत्र दाखवा, त्याला आमची ना नाही. पण चर्चेसाठी त्याच २४० च्या आठ तुकड्या करा.

चर्चेचा तास आणि त्यामागचं वाचन-उत्तर देणं कार्यभारात धरावं. एका चर्चेच्या तासाला किमान दोन तासिकांचं मानधन द्यावं.

हजेरी मिनिटांवर नको. अंतर्गत २० गुणांपैकी १० चर्चेतल्या सहभागाला द्यावेत आणि लेखी नोंद, बोललेला शब्द व रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज यांची किंमत सारखी धरावी. भाषा प्रमाण आहे की बोली, यावर गुण कापू नयेत.

विद्यापीठाची मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली आधीपासून आहे. तिच्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरं दिसत नाहीत, असं चर्चापीठ तयार करता येतं. ती सोय सगळ्या विभागांना सुरू करून द्यावी. त्याला खर्च नाही, संगणक विभागातल्या माणसाची एक दुपार पुरे.

आणि प्रशिक्षण. दोन दिवसांचं, आणि ते कंपनीच्या माणसानं नव्हे, वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी दिलेलं. कुठं फसलो हे सांगणारे शिक्षक त्यात हवेत. मी येईन, मानधनाशिवाय. माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर फसलेलं आहे.

तोपर्यंत या सत्राचे तीन चर्चेचे तास अजून शिल्लक आहेत. गुरुवारी रात्री साडेआठला. दुवा राज्यशास्त्र विभागाकडे आहे, तो कोणाही सदस्याला मिळेल. आपण यावं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. या गुरुवारचा प्रश्न मुलांनीच ठरवलाय : हंगामात बाहेर असलेल्या माणसाला आपल्या गावच्या ग्रामसभेत फोनवरून बोलता यावं का, आणि मग कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, कसा मोजायचा? आडवं लावायला एक गट आधीच तयार बसलाय.

फक्त आत येताना नावाच्या जागी ‘कुलगुरू कार्यालय’ असं लिहू नका. पोरं गप्प बसतील आणि प्रतिसाद पुन्हा अत्यल्प निघेल.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक (राज्यशास्त्र)